भजनं-नाट्यगीतं ऐकत वाढलेल्या माणसाने ब्लूज, रॉक आणि रेगे कुठल्या अल्बमपासून ऐकावं?

तुम्ही लिहिलंय, मित्रांनी सर्वोत्तम रॉक अल्बमची लांबलचक यादी पाठवली आणि तिसऱ्याच अल्बमला डोकं उठलं. ती यादी आधी बाजूला ठेवा. रॉक नंतर येऊ दे, सुरुवात ब्लूजपासून, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यापासून करा.

मी फोंड्याची, त्यामुळे माझा रस्ता केरीवरून जातो. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली, तिच्यात आमच्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे, हे गोव्यात बहुतेकांना ठाऊक असतं. त्या भैरवीला लागूनच पुढचं गाणं कुणाचं आहे, ते फारसं कुणी सांगत नाही. ते ब्लाइंड विली जॉन्सनचं 'डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड', रेकॉर्डिंग १९२७ चं. जेमतेम सव्वातीन मिनिटं. शब्द जवळजवळ नाहीतच, नुसता हुंकार. तो एक ओळ गुणगुणतो आणि अर्धी सोडून देतो, उरलेली गिटार पुरी करते, तीसुद्धा तारेवर घासत, सुरावरून सुरावर ओघळत. मींड ऐकलेल्या कानाला इथे काही समजावून सांगावं लागत नाही. दोन्ही गाणी पाठोपाठ लावून बघा.

मग मडी वॉटर्सचा 'फोक सिंगर' (१९६४). इलेक्ट्रिक गिटारसाठी गाजलेला माणूस इथे साध्या लाकडी गिटारवर गातो, साथीला तरुण बडी गाय आहे. आवाजाभोवती इतकी मोकळी जागा आहे की त्याने घेतलेला श्वासही ऐकू येतो. रात्री ऐका.

बी. बी. किंगचा 'लाइव्ह ॲट द रीगल' तर मला तोंडपाठ आहे. नोव्हेंबर १९६४ मध्ये शिकागोच्या एका थिएटरात झालेला हा कार्यक्रम. 'हाउ ब्लू कॅन यू गेट' मध्ये तो बाईला आपण काय काय दिलं याचा पाढा वाचत जातो, शेवटी सात मुलांचा हिशेब निघतो आणि प्रेक्षागृह अक्षरशः फुटतं. आमच्याकडे जत्रेच्या नाटकात एखादं पद रंगलं की मागच्या रांगेतून 'वन्समोअर' येतो ना, अगदी तसं! स्टुडिओत हे कुठून मिळणार? म्हणून नवख्यांना मी लाइव्ह अल्बमच सुचवते.

रॉकमध्येही तेच. ऑलमन ब्रदर्स बँडचा 'ॲट फिलमोर ईस्ट' (१९७१) लावा. पहिलंच 'स्टेट्सबरो ब्लूज' हे १९२८ चं जुनं गाणं, आणि ड्वेन ऑलमनची स्लाइड गिटार, म्हणजे तारेवर घासत वाजवलेली, थेट विली जॉन्सनच्या घराण्यातली. 'व्हिपिंग पोस्ट' तेवीस मिनिटांचं आहे. बडा ख्याल बसून ऐकणाऱ्यांनी तरी तक्रार करू नये. हा अल्बम आला त्याच वर्षी ड्वेन मोटरसायकल अपघातात गेला, वय अवघं चोवीस. लेड झेपेलिन वगैरे रॉक बँड यानंतर ऐका, तेव्हा त्यांनी कुणाकडून काय उचललंय ते आपोआप कळेल.

जमैकाच्या रेगेला मात्र तुमचा कान आधी अडखळेल. आपल्याला समेवर ठोका लागतो. इथे चार मात्रांतली पहिलीच बऱ्याचदा रिकामी, ड्रमचा वजनदार ठोका तिसरीवर, आणि गाण्याची चाल जवळपास बास गिटारच्या हातात. बॉब मार्लीचं 'लेजंड' किनाऱ्यावरच्या शॅकवाल्यांनी वाजवून वाजवून गुळगुळीत केलंय, ते राहू दे. त्याच्याच वेलर्स बँडचा 'कॅच अ फायर' (१९७३) घ्या. निर्माता क्रिस ब्लॅकवेलने लंडनमध्ये त्यावर रॉक गिटारचा मुलामा चढवला, कारण रॉकच्या श्रोत्यांपर्यंत तो पोचवायचा होता. त्या मुलाम्याआधीचं मूळ जमैकन मिश्रण (मिक्स) २००१ मध्ये बाहेर आलं. माझं मत मूळ मिश्रणाला; ते जास्त रखरखीत आहे. त्यानंतर बर्निंग स्पिअरचा 'मार्कस गार्वी' (१९७५). त्यात 'स्लेव्हरी डेज' मध्ये तो गुलामगिरीची आठवण पुन्हा पुन्हा विचारत राहतो. भजनात धृपद घोळवायची सवय असेल तर तुम्ही लगेच रमाल.

एक मात्र करा, रेगे मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. बास ऐकूच येत नाही आणि मग लोक म्हणतात, यात आहे काय! साधे वायरवाले हेडफोन असले तरी पुरे.