हक्कांसाठी वकिली करायची आहे, पण घराचं काय?

लॉ करणारी पोरं माझ्याकडे समुपदेशनाला आली की हा प्रश्न हमखास येतो, "मॅडम, मले गरिबायच्या केसेस लढायच्या आहे, पण मंग घरी काय देऊ?" यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली, कुठलंही पोर असो. म्हणून त्यातल्या एकाबद्दल लिहिते, ओळख पटेल असं सगळं काढून.

पोरगा गडचिरोलीकडचा, लॉच्या चौथ्या वर्षाला, घरी थोडं धान. झोप उडालेली. वनहक्काच्या, म्हणजे जंगलजमिनीवरच्या हक्काच्या, दाव्यात कागद नसला तरी गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो, हे तो मला टेबलावर बोटानं बांध काढून समजावून सांगायचा, अन मिनिटाभरात मान खाली. "बाबानं कर्ज काढून शिकवलं, मी त्यायले फसवून राहिलो."

माझं ठाम मत आहे की परिस्थितीपेक्षा तिच्याबद्दल आपण मनात जे ठरवून टाकतो त्यानं माणूस जास्त खचतो. म्हणून मी तिथंच हात घातला.

"फसवलं असं बाबा म्हणाले?"

"नाही."

"विचारलंस?"

तो बराच वेळ गप्प बसला, मीही बसू दिलं.

पुढच्या वेळी आला तो हसतच. बाबांना सगळं सांगितलं तर ते म्हणाले, "काऊन रे, हक्काच्या केसेस लढणाऱ्याले सातबाऱ्यावरल्या फेरफाराचे कामं करता येत नाई का? गावात कितीक जनायचे अडून आहे."

हे ऐकून मलाही लख्ख उमगलं. पोराला गरिबीची भीती कमी होती, फी घेतली की आपलं काम बाटलं ही अट त्यानं स्वतःच स्वतःला घातली होती अन तिच्याखाली तो दबत होता. ती अट त्याला तोंडानं बोलून दाखवायला लावली, बोलला अन स्वतःच म्हणाला, "हे तं मी दुसऱ्या कोनावर लादणार नाही." समुपदेशनात असा क्षण आला की मला माझ्या कामाचं समाधान वाटतं.

तर पोरांनो, तालुक्याला राहून फेरफार, वाटणी, पोटगी, अपघाताच्या केसेस करत करतच अ‍ॅट्रॉसिटी अन 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या (अस्पृश्यतेविरुद्धच्या) केसेस लढता येतात. 1987 च्या विधी सेवा कायद्यानं एससी, एसटी, बायका, मुलं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, अन असे मोफत वकील ज्या यादीतून देतात त्या पॅनलवरच्या वकिलाला मानधन मिळतं, थोडं असतं पण असतं. वकिलीच्या सनदेच्या नोंदणी फीची धास्ती घेऊ नका, सुप्रीम कोर्टाच्या 2024 च्या निकालानं ती एससी-एसटीला 125 अन बाकी सगळ्यांना 750 रुपयांच्या वर घेता येत नाही. इंग्रजी हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात लागेल, तालुक्याला बरंचसं काम मराठीतच चालतं.

अन घरी बोलताना समाजासाठी करतो असं मोघम बोलू नका. सुरुवातीची वर्षं किती पैसे येतील, कोणाच्या हाताखाली शिकणार, बहिणीच्या फीचं काय, हे आकड्यात सांगा. त्यानं तसंच सांगितलं, सध्या सुट्टीत तालुक्याला एका सीनियरकडे बसून फेरफाराच्या अपिलाचे कागद लावायला शिकतोय.