न्यूरॉलॉजिस्टच्या नावापुढच्या पदव्यांत नेमकं काय बघायचं?

वडिलांचे हात थरथरतात, एका डॉक्टरांच्या नावापुढे सहा पदव्या आहेत, दुसऱ्यांच्या नावापुढे तीनच, मग दाखवायचं कोणाला आणि अनुभव किती वर्षांचा बघायचा, असं तुम्ही विचारलंय.

पदव्या मोजू नका. एकच पदवी शोधा: डीएम न्यूरॉलॉजी, म्हणजे मेंदू आणि नसांच्या आजारांची खास पदवी. किंवा तिच्या बरोबरीची डीएनबी न्यूरॉलॉजी, जिला आता डीआरएनबी म्हणतात. ती असेल तर बाकीची अक्षरं नसली तरी चालतं. ती नसेल तर बाकीची सगळी अक्षरं मिळूनसुद्धा तिची जागा भरत नाही.

इंटर्नशिप धरून एमबीबीएसची साडेपाच वर्षं, मग मेडिसिन किंवा बालरोगाचं एमडी ३ वर्षं, मग पुन्हा प्रवेशपरीक्षा देऊन डीएमची ३ वर्षं. या शेवटच्या तीन वर्षांत तो डॉक्टर पॅरालिसिस, फिट्स, पार्किन्सन, नसांचे आणि स्नायूंचे आजार यातच बुडालेला असतो. बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या मोजक्या संस्थांत एमबीबीएसनंतर थेट डीएमचा लांब अभ्यासक्रमही आहे, त्यामुळे मधलं एमडी दिसलं नाही तर लगेच संशय घेऊ नका. एमसीएच न्यूरोसर्जरी म्हणजे मेंदूचं आणि मणक्याचं ऑपरेशन करणारे. न्यूरोसायकिअ‍ॅट्रिस्ट अशी पाटी असेल तर बहुतेक वेळा पदवी एमडी सायकिअ‍ॅट्री असते. दोघांचंही काम मोठं आहे, पण थरथरणाऱ्या हाताचं निदान हे त्यांचं रोजचं काम नाही. राहिलं न्यूरोफिजिशियन. हा शब्द डीएम झालेलेही लावतात आणि न झालेलेही, म्हणून तो दिसला की त्याच्याखालची बारीक अक्षरातली ओळ वाचायची.

ही बारीक ओळ आमच्या घरात कोणी वाचली नव्हती, आणि वाचल्यावर जे झालं त्याचा वाद अजून मिटलेला नाही. म्हणून लिहायला बसले.

माझे बाबा भराभर चालणारे. त्यांच्याबरोबर बाजारात जायचं म्हणजे मागून पळावं लागायचं. ते हळूहळू बारीक पावलं टाकायला लागले. दाढी करायला वेळ लागायला लागला, शर्टाची बटणं आई लावून द्यायला लागली. दोन्ही हात थरथरायचे, खालचा ओठही. चेहऱ्यावर हसू आलं तरी दिसायचं नाही. मामांनी, म्हणजे आईच्या थोरल्या भावांनी, त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली. घरातल्या अशा गोष्टींत त्यांचाच शब्द शेवटचा. पाटीवर न्यूरोफिजिशियन, नावापुढे ओळभर अक्षरं, बाहेर ही गर्दी.

तपासणी खुर्चीतल्या खुर्चीत झाली. हात पुढे करा म्हणाले, एमआरआय लिहून दिला. एमआरआय वयाप्रमाणे ठीक आला. पार्किन्सन आहे म्हणून लेव्होडोपाच्या गोळ्या सुरू झाल्या. फरक पडेना, तसा डोस वाढत गेला. बाबांना मळमळायला लागलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, ॲसिडिटीची जी कॅप्सूल घेताय ती चालू ठेवा. तिच्यात काय आहे हे त्यांनी विचारलं नाही.

मी मग ती ओळभर अक्षरं एकेक करून शोधली. एमबीबीएस आणि एमडी मेडिसिन, दोन्ही खऱ्या आणि कष्टाच्या पदव्या. पुढे संस्थांची सदस्यत्वं, एक सन्मान आणि काही आठवड्यांचा एक सर्टिफिकेट कोर्स. न्यूरॉलॉजीची पदवी त्यात कुठेच नव्हती.

तुमच्या सहा पदव्यावाल्या डॉक्टरांचंही असंच असेल असं मी म्हणत नाही, पण प्रत्येक अक्षरगटाचं वजन वेगळं असतं. एमआरसीपी ही ब्रिटनची कठीण परीक्षा आहे, पण ती जनरल मेडिसिनची. एफआरसीपी हा तिथल्या कॉलेजांनी दिलेला मान आहे, त्याला न्यूरॉलॉजीची परीक्षा नसते. संघटनेचं साधं सदस्यत्व वर्गणी भरून मिळतं. आणि फेलोशिप या एका शब्दाखाली तर दोन टोकं बसतात: डीएम झाल्यावर निम्हान्स किंवा तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी फिट्सवर किंवा पार्किन्सनसारख्या हालचालींच्या विकारांवर पूर्णवेळ केलेलं काम, आणि घरबसल्या मिळवलेलं प्रमाणपत्र. पहिलं असेल तर ते सोन्यासारखं. म्हणून फेलोशिप कुठे केली आणि किती काळ, एवढं विचाराच.

हे सगळं मी मामांना सांगितलं, तर ते भडकले.

"अगं, डॉक्टरचे कागद तपासायला ती काय जुनी गाडी आहे? डॉक्टरचा हातगुण बघायचा असतो."

"मामा, हातगुण गुण आल्यावर कळतो. आधी कसा बघणार?"

त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, पण माझ्याशी बोलणं त्यांनी बरेच दिवस टाकलं. डॉक्टरवर अविश्वास दाखवला की औषध लागू पडत नाही, असं त्यांनी आईला सांगितलं. आई बिचारी दोघांच्या मध्ये.

बाबांना मी दुसरीकडे नेलं. तरुण डॉक्टर, नावापुढे एमबीबीएस, एमडी, डीएम एवढंच. मामांचा निरोप आलाच, की अजून पोरगा आहे तो. त्या पोरग्याने आधी फाईल बाजूला ठेवली आणि बाबांना पहिल्यापासून सांगायला लावलं. मग व्हरांड्यात चालवलं, वळायला लावलं. मागे उभं राहून खांदे अचानक मागे ओढले, तोल सावरतात का बघायला. अंगठा आणि तर्जनी भराभर टेकवायला सांगितली, मनगट फिरवून कडकपणा बघितला, डोळे वर-खाली फिरवायला लावले. मग विचारलं, "काका, सुरुवात कोणत्या हातापासून झाली?"

बाबा म्हणाले, "दोन्ही एकदमच."

तिथे डॉक्टर थांबले. पार्किन्सन सहसा एका बाजूने सुरू होतो, दुसऱ्या बाजूला नंतर पोचतो. दोन्ही बाजूंना एकदम आणि तेही लवकर वाढलेलं असेल तर आधी औषधांवर संशय घ्यायचा, हे त्यांच्या शिक्षणातच बसलेलं होतं. म्हणाले, घरात जेवढी औषधं आहेत तेवढी पिशवीत घालून आणा, डोळ्यांचे थेंबसुद्धा, गोळ्या पाकिटातून काढू नका.

पिशवीत ती ॲसिडिटीची कॅप्सूल निघाली. रॅबेप्राझोल आणि त्याच्या जोडीला लेव्होसल्पिराइड ७५ मिलिग्रॅम, पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात. बाबा ती वर्षभराहून जास्त काळ रोज सकाळी घेत होते, जुनं प्रिस्क्रिप्शन दाखवलं की केमिस्ट देत होता. बाबांच्या लेखी ते औषधच नव्हतं, कारण ते पोटाचं होतं. लेव्होसल्पिराइड डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा मार्ग अडवतं, आणि पार्किन्सनमध्ये कमी पडतं ते डोपामिनच. म्हणजे लेव्होडोपाच्या गोळीने डोपामिन भरायचं आणि या कॅप्सूलने दार लावून घ्यायचं, असं चाललं होतं. उलटीसाठीचं मेटोक्लोप्रामाइड, चक्करसाठीचं सिनॅरिझिन, मायग्रेनसाठीचं फ्लुनारिझिन, मानसिक आजारावरची बरीच औषधं, या सगळ्यांनी असं होऊ शकतं. कॅप्सूल बंद झाली, लेव्होडोपा बेताबेताने उतरवली. गुण यायला काही महिने लागले. आधी ओठ थांबला, मग पावलं मोकळी झाली, मग एके दिवशी बाबांनी स्वतः बटणं लावली आणि आईला हाक मारून दाखवली.

मामा म्हणतात, हा नशिबाचा भाग. नाही. नशीब असतं तर तो प्रश्न विचारला गेलाच नसता. थरथर कुठल्या बाजूने सुरू झाली, हे विचारायला कोणी एका दिवसात शिकत नाही. तीन वर्षं रोज तसेच पेशंट बघून, वरिष्ठांच्या शिव्या खाऊन ते अंगवळणी पडतं. डीएम या दोन अक्षरांचा अर्थ तेवढाच आहे, आणि तो मला पुरेसा आहे.

आणि कागद बघणं हा अपमान तर मुळीच नाही. मामा हे वाचतील, म्हणून स्पष्ट लिहिते. डॉक्टरांच्या वर्तणुकीचे २००२ चे नियम आहेत. राज्याच्या मेडिकल कौन्सिलने दिलेला नोंदणी क्रमांक दवाखान्यात, प्रिस्क्रिप्शनवर, प्रमाणपत्रावर आणि पैशांच्या पावतीवर लावणं डॉक्टरांना बंधनकारक आहे. त्या शाखेची विशेष पदवी नसेल तर स्वतःला तज्ज्ञ म्हणवून घ्यायचं नाही, हेही त्यातच आहे. तो क्रमांक कोणीतरी बघावा म्हणूनच तिथे लावायला सांगितलाय ना? नॅशनल मेडिकल कमिशनच्या साइटवर इंडियन मेडिकल रजिस्टर उघडं आहे, नाव किंवा क्रमांक टाकला की नोंद दिसते. महाराष्ट्रातल्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. तिचं दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी पुढचं शिक्षण चालू ठेवल्याचे ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. नंतर मिळवलेली पदवी नोंदीत वेगळी चढवावी लागते, ती चढायला कधीकधी उशीर होतो. म्हणून डीएम दिसलं नाही तर क्लिनिकमध्ये फोन करून सरळ विचारा, "डॉक्टरांनी डीएम कुठून केलंय?" ज्यांनी केलंय त्यांच्याकडून उत्तर चटकन येतं.

प्रॅक्टिसबद्दल म्हणाल, तर मेंदूची ईईजी किंवा नसांची एनसीव्ही तपासणी केली तर रिपोर्ट कोण वाचतं, आणि रात्री काही झालं तर पेशंट कुठल्या हॉस्पिटलला घेऊन जायचा, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या. पण खरी परीक्षा तपासणीच्या खोलीत होते. थरथरीची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला उठवून चालवलं नाही, तर दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टकडे जा. पार्किन्सनचं निदान मुख्यतः हातांनी आणि डोळ्यांनी होतं. एमआरआय प्रामुख्याने बाकीचे आजार बाजूला काढायला असतो. आधीच्या डॉक्टरांकडचे उपचाराचे कागद मागायला संकोचू नका, त्याच २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत ते द्यावे लागतात. आम्हाला ते मिळाले, जरा तोंड वाकडं करून, पण मिळाले.

अनुभवाच्या वर्षांवर जाऊ नका. चुकीच्या कामाचाही अनुभव वाढतच असतो. हालचालींचे आजार त्या डॉक्टरांकडे किती येतात हे विचारा, वय विचारू नका.

आता ज्या गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या त्या. माझं वाचून कुठलीही गोळी मनाने बंद करू नका. लेव्होडोपा एकदम तोडली तर जीवावर बेतू शकतं. औषधामुळे आलेली थरथर सगळ्यांची पूर्ण जातेच असंही नाही, काहींमध्ये आत लपलेला खरा पार्किन्सनच त्या औषधाने उघडा पडलेला असतो. तुमच्या वडिलांचं तसं असेल किंवा नसेल, पण पिशवी घेऊन जा. डीएम असलेला प्रत्येक डॉक्टर वेळ देतोच असंही नाही. आणि जिथे न्यूरॉलॉजिस्ट जवळपास नाही तिथे चांगला एमडी मेडिसिन डॉक्टर कितीतरी पेशंट व्यवस्थित सांभाळतो. माझा राग एमडीवर नाही, नसलेली ओळख पाटीवर लावण्यावर आहे.

अचानक तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर मात्र यातलं काहीच तपासत बसायचं नाही. मेंदूतली गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनला लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांची मुदत असते, आणि त्यातही जितकं लवकर तितकं बरं. जिथे रात्रंदिवस सीटी स्कॅन चालू आहे आणि ते इंजेक्शन देतात, ते हॉस्पिटल गाठायचं. ते कुठलं, हे आजच फोन करून विचारून ठेवा.