सोलापुरात नवीन ले-आउटमध्ये प्लॉट घेतोय, रस्ते आणि प्लॉटची आखणी बरोबर आहे का हे कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की विजापूर रोडला सैफुलच्या पुढं ३० बाय ४० चा प्लॉट बघितलाय, ब्रोशरमध्ये ३० फुटी रस्ते आणि गार्डन दाखवलंय, तर अजून काय काय तपासावं. मी इंजिनिअर नाही, वकीलही नाही. पण २०११ ला होटगी रोडच्या बाजूला असाच प्लॉट घेऊन घर बांधलं आणि नंतर नको ते सगळं शिकलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, प्लॉट नंतर बघा, आधी रस्ता बघा. सगळे उलटं करतात. प्लॉटवर जायचं, दिशा बघायची, पूर्वमुखी आहे का विचारायचं आणि टोकन देऊन यायचं, आम्हीही तेच केलं. घरात काही चुकलं तर नंतर पाडून दुरुस्त करता येतंय पण रस्ता एकदा अरुंद आखला की पुढच्या दोन पिढ्या तोच.

आता नियम काय सांगतो ते. २०२० च्या डिसेंबरपासून मुंबई आणि काही मोजके भाग सोडून राज्यभर बांधकाम आणि ले-आउटसाठी एकच नियमावली लागू झाली, तिला यूडीसीपीआर म्हणतात, सोलापूर महापालिकेलाही तीच आहे. त्यात रहिवासी ले-आउटच्या आतल्या रस्त्याची रुंदी त्याच्या लांबीवर ठरते, १५० मीटरपर्यंत लांब असेल तर ९ मीटर रुंद, १५० ते ३०० असेल तर १२ मीटर आणि ३०० च्या वर गेला की १५ मीटर. म्हणजे तुमच्या ब्रोशरमधला ३० फुटी रस्ता म्हणजे हाच ९ मीटरवाला, सगळ्यात कमी रुंदीचा. तो चूक नाही, पण मग तो किती लांब जातोय हे मोजा. आणि ९ मीटर म्हणजे नुसतं डांबर ९ मीटर नाही, समोरासमोरच्या दोन प्लॉटच्या हद्दीमधलं अंतर ९ मीटर, त्यातच गटार, लाइटचे खांब, पाण्याची लाइन सगळं बसवायचं असतंय. लोक वर त्यात गाडीसाठी रॅम्प काढतात, दारापुढं ओटा घालतात, आणि मग दोन्ही बाजूला एकेक कार लागली की मधून टँकर जात नाही. आपल्याकडं नळाला पाणी किती दिवसाआड येतंय ते तुम्हाला माहितीच आहे, तर टँकर दारापर्यंत येणं ही काही लहान गोष्ट नाही.

आता मला खरं सांगायचंय ते हे की नियम पाळूनसुद्धा ले-आउट वाईट होऊ शकतो. ओपन स्पेस, म्हणजे १० टक्के मोकळी जागा सोडायचा नियम ४,००० चौरस मीटरपासून लागतो. एक एकर म्हणजे ४० गुंठे, ४,०४७ चौरस मीटर. कळलं का? साडेएकोणचाळीस गुंठ्याचा तुकडा केला की ओपन स्पेस सोडायची वेळ येत नाही, असा हिशोब काही जण करतात. आमच्या बाजूला एकाच मालकाची चार एकराच्या आसपास जमीन होती, ती एकदम न करता वेगवेगळे तुकडे पाडून वेगवेगळ्या वेळी ले-आउट झाले, प्रत्येक तुकड्यात रस्ता १५० मीटरच्या आत म्हणून ९ मीटरचा, आणि पुढं सगळे तुकडे जोडले गेले तेव्हा तो एकच सरळ साडेतीनशे मीटरचा रस्ता झाला, जो एकदम आखला असता तर १५ मीटरचा करावा लागला असता. आज त्या रस्त्यावरून मागच्या तीन वसाहतींची सगळी ट्रॅफिक जाते, शाळेची व्हॅन आली की पुढचं सगळं थांबतं, आणि एवढ्या घरांत पोरांना खेळायला एक मैदान नाही. कागदावर एकही नियम मोडलेला नाही बघा. म्हणून तुमच्या ले-आउटच्या शेजारची जमीन कोणाची आहे, ती रिकामी आहे का, आणि तुमचा रस्ता तिच्या हद्दीला जाऊन तसाच उघडा संपतोय का हे नक्की विचारा. तसा संपत असेल तर तो उद्या पुढं जाणार आहे हे धरूनच चाला.

दुसरं म्हणजे बंद गल्ली. ब्रोकर सांगतात शेवटचा प्लॉट घ्या, शांत आहे, ये-जा नाही. खरं आहे, पण बंद रस्त्याला टोकाला गाडी वळवायची जागा सोडावी लागते, कमीत कमी ८१ चौरस मीटर आणि कुठल्याही बाजूने ९ मीटरपेक्षा कमी नाही. आणि अजून एक अट आहे जी कोणी सांगत नाही, बंद टोक हे रस्त्याच्या सुरुवातीपेक्षा उंचावर पाहिजे, म्हणजे पाणी बाहेर वाहून जाईल. आमच्या गल्लीत दोन्ही नाही. टोकाला वळायची जागा नकाशात होती, जाग्यावर तिथं कंपाउंड आलं. उतार उलटा आहे म्हणून जोराचा पाऊस झाला की शेवटच्या चार घरांपुढं दोन-दोन दिवस पाणी थांबतं. वडिलांना रात्री त्रास झाला तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्सवाला आत यायला तयार नव्हता, रिव्हर्स घेऊन बाहेर पडता येणार नाही म्हणाला, आम्ही त्यांना खुर्चीत बसवून कोपऱ्यापर्यंत उचलून नेलं. ते वाचले, पण ती रात्र मी विसरलो नाही आणि म्हणूनच एवढं लिहितोय.

कॉर्नरचा प्लॉट असेल तर त्याचा कोपरा गोल करून रस्त्यात सोडावा लागतो, दोन ९ मीटरचे रस्ते काटकोनात मिळत असतील तर दोन्ही बाजूने साडेचार-साडेचार मीटरपासून गोलाई सुरू होते. हिशोब केला तर साधारण ४५-५० चौरस फूट जातात. खरेदीखतात त्याचे पैसे लावलेत का बघा. आणि जे लोक कोपरा सोडत नाहीत, चौकोनी कंपाउंड उचलतात, तिथं सायकलवरचं पोर समोरून येणाऱ्याला दिसत नाही.

माती हा वेगळाच विषय आहे. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी वर काळी माती आणि खाली मुरूम. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर नुसती खडी टाकून डांबर मारलं की एका पावसाळ्यात रस्ता खचलाच. माती काढून मुरूम भरून रोलिंग केलंय का, शेजारच्या प्लॉटवाल्यांना विचारा, त्यांना माहीत असतंय. तुमच्या प्लॉटवर एक खड्डा घेऊन मुरूम किती फुटावर लागतो तेही बघा, पायाचा खर्च त्यावर आहे. आणि घराची जोती रस्त्यापेक्षा चांगली उंच घ्या, कारण प्रत्येक वेळी रस्ता केला की जुन्यावरच नवा थर टाकतात आणि घर खाली जातं.

कागदं थोडक्यात सांगतो. मंजूर ले-आउटची प्रत मागा, ब्रोशर नाही, आणि ती तात्पुरती मंजुरी आहे की अंतिम ते विचारा, दोन्हीत फार फरक आहे. जमीन बिनशेती (एनए) झाल्याचा कागद, मोजणीची क-प्रत म्हणजे सरकारी मोजणीचा नकाशा, कजाप (कमी-जास्त पत्रक) होऊन प्लॉटचा स्वतंत्र सातबारा निघालाय का. एकराच्या ले-आउटमध्ये वीस-बावीस प्लॉट पडतात, त्याला महारेरा (राज्याचं रिअल इस्टेट प्राधिकरण) नोंदणी लागतेच, त्या साइटवर मंजूर नकाशा मोफत बघता येतो, ब्रोशरमधलं गार्डन त्यात ओपन स्पेस म्हणून आहे का आणि ते नाल्याच्या कडेचं तिरकं तुकडं तर नाही ना बघा. कोणी म्हणालं की एनए नाही पण गुंठेवारीत नियमित करून देतो, तर गुंठेवारीचा कायदा मंजुरी न घेता गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेल्या, २०२० च्या डिसेंबरपर्यंतच्या जुन्या प्लॉट आणि बांधकामांसाठी आहे, आज नव्याने पाडलेल्या प्लॉटला त्याचा काही उपयोग नाही.

एका रविवारी नकाशाची प्रिंट आणि १०० फुटी टेप घेऊन जा, सोबत एक माणूस न्या. रस्त्याची रुंदी तीन ठिकाणी मोजा, सुरुवातीला, मध्ये आणि टोकाला, आमच्याकडं सुरुवातीला ९ मीटर आहे आणि टोकाला साडेसात. नकाशातली गाडी वळवायची जागा जाग्यावर दाखवा म्हणून सांगा. आणि जमलं तर जोराचा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा परत जाऊन या, पाणी कुठं थांबलंय ते फोटो काढा, टोकन त्यानंतर द्या.