प्रश्न आपले, उत्तरे आमची : संगीतसमीक्षक मूळचे कोण असतात?

प्रश्न : आमच्या गावी अलीकडे झालेल्या शास्त्रीय गायनाच्या मैफलीचे परीक्षण एका स्थानिक दैनिकात आले. ते लिहिणारे गृहस्थ बँकेत नोकरीला आहेत आणि गाणे शिकलेले नाहीत, असे समजले. अशा व्यक्तीने गाण्यावर लिहावे काय? अभिजात संगीताचे नामवंत समीक्षक मूळचे कोण होते? परीक्षणाचे कात्रण सोबत जोडले आहे.
— एक निवृत्त शिक्षिका, अंबाजोगाई

उत्तर : आकडेमोडीची नोकरी ही समीक्षकाची उणीव मानायची झाल्यास मराठी संगीतसमीक्षेतील एक मोठे नाव आधी खोडावे लागेल. ‘घरंदाज गायकी’ (१९६१) हा ग्रंथ लिहिणारे वामनराव देशपांडे व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट होते. मात्र त्यांनी तालीमही घेतली होती, आणि ती एकाच घराण्याची, म्हणजे गायकीच्या एकाच परंपरेची, नव्हे. किराणा घराण्याचे सुरेशबाबू माने आणि जयपूर घराण्याच्या मोगूबाई कुर्डीकर हे दोघेही त्यांच्या गुरूंपैकी होत. स्वर आणि लय ही दोन टोके कल्पून त्यांनी घराण्यांची मांडणी केली. स्वराच्या टोकाला किराणा, लयीच्या टोकाला आग्रा आणि दोहोंचा तोल साधणारी जयपूर गायकी, असा त्या मांडणीचा गाभा आहे. ती वाचताना लेखकाचा जीव कोठे जडला आहे हे लपत नाही. तरीही दोन घराण्यांच्या गायकीत शिरून आलेल्या माणसाने ती केली असल्यामुळे, न पटणाऱ्या वाचकालाही तिच्याशी वाद घालण्यासाठी पुन्हा गाण्याकडेच जावे लागते.

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या समीक्षकांतही असाच मिश्र कारभार दिसतो. व्हिएन्नाचा एडुआर्ड हान्सलिक कायद्याचा पदवीधर होता. १८५४ मध्ये त्याने संगीतातील सौंदर्यावर पुस्तक लिहिले आणि पुढे संगीतकार ब्राम्सची बाजू घेऊन त्याचा समकालीन संगीतकार वाग्नर याच्याशी उभा दावा मांडला. नाटककार म्हणून आपल्याला ठाऊक असलेले बर्नार्ड शॉ १८८८ पासून लंडनच्या ‘द स्टार’ या पत्रात टोपणनावाने मैफलींवर लिहीत. त्यांची आई गायिका होती, तेव्हा घरातच गाणे होते. नेव्हिल कार्डस यांच्यामागे तेवढेही नव्हते. मँचेस्टरमधील गरीब घरातून आलेले कार्डस एकीकडे क्रिकेटच्या सामन्यांवर आणि दुसरीकडे संगीतावर ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये लिहीत, आणि संगीताचे त्यांचे सारे शिक्षण ऐकण्यातून व वाचनातून झालेले होते.

कलावंतांनीही समीक्षा केली आहे. संगीतकार रॉबर्ट शुमान याने १८३४ मध्ये लाइपझिगला स्वतःचे संगीतविषयक नियतकालिक काढले आणि १८५३ मध्ये अवघ्या वीस वर्षांच्या ब्राम्सची ओळख जगाला करून दिली. आपल्याकडे ‘संत तुकाराम’ (१९३६) या प्रभातच्या चित्रपटाचे संगीतकार केशवराव भोळे यांनी गायकांवर मार्मिक लेख लिहिले. गोविंदराव टेंबे भास्करबुवा बखले यांच्या साथीला पेटीवर बसलेले असल्यामुळे गवई अडखळला कोठे आणि सावरला कसा, हे त्यांनी हातभर अंतरावरून पाहिले होते. साथीदार सहसा लिहीत नाहीत, हे आपले दुर्दैव. आपल्याच मराठवाड्याच्या मातीतून गेलेल्या पेटीवादक आप्पा जळगावकरांच्या कानावरून भीमसेन जोशींपासून किशोरी आमोणकरांपर्यंत जे काही गेले असेल, त्याचे परीक्षण वाचायला कोणाला आवडले नसते?

आता आपण पाठवलेल्या कात्रणाविषयी. दीपप्रज्वलन कोणी केले, पुष्पगुच्छ कोणी कोणाला दिला आणि आभार कोणी मानले यांवर परीक्षणाचा अर्धा भाग खर्ची पडला आहे. रागाचे नाव एकदाच येते, विलंबित (संथ लयीतला) ख्याल कोणत्या तालात होता याचा उल्लेख नाही, तबलजीचे आडनाव चुकले आहे आणि शेवटी रसिक नेहमीप्रमाणे ‘मंत्रमुग्ध’ झाले आहेत. या परीक्षणात खटकते ते ऐकल्याची खूण नसणे, आणि त्याचा संबंध बँकेशी लावता येत नाही. हे गृहस्थ संगीत विषयाचे पदवीधर असते तरी, त्यांनी सभागृहात शिरताना निमंत्रणपत्रिका हाती धरून तिच्यावरूनच बातमी लिहायची असे ठरवले असते, तर मजकूर हाच झाला असता.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी असून मोबाइलवर जॅझ हे अमेरिकन संगीत ऐकतो. फिलिप लार्किन या इंग्रज कवीचे जॅझविषयक लेखन वाचनात आले. मला प्राणप्रिय असलेल्या जॉन कोल्ट्रेन या सॅक्सोफोनवादकावर त्याने झोड उठवली आहे. समीक्षकच असा एकांगी असेल तर त्याला वाचावे कशासाठी?
— एक वाचक, लातूर

उत्तर : लार्किन हल विद्यापीठाचा ग्रंथपाल होता आणि १९६१ ते १९७१ या काळात ‘डेली टेलिग्राफ’मध्ये जॅझच्या ध्वनिमुद्रिकांवर लिहीत होता. कॉव्हेंट्रीत वाढलेल्या या मुलाला शाळकरी वयातच नृत्यवाद्यवृंदांच्या तालाने वेड लावले, पुढे जुन्या जॅझचे वादक सिडनी बेशे आणि लुई आर्मस्ट्राँग हे त्याचे दैवत झाले, आणि सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करपासून पुढचे आधुनिक जॅझ त्याच्या गळी कधीच उतरले नाही. त्याच्या लेखांचे पुस्तक १९७० मध्ये निघाले. त्याच्या प्रस्तावनेत त्याने पार्कर, कवी एझरा पाउंड आणि चित्रकार पिकासो या तिघांना एकाच माळेत ओवून आधुनिकतेवरचा सारा राग काढला आहे. सदर लिहिताना सुरुवातीला आपण ही नावड दडपून ठेवली होती, हेही तेथे तो कबूल करतो. मला ही प्रस्तावना त्याच्या पुष्कळशा परीक्षणांहून अधिक मोलाची वाटते, कारण ती वाचल्यावर या माणसाचा काटा किती आणि कोणत्या बाजूला झुकतो हे कळते. मग कोल्ट्रेनवरचे त्याचे परीक्षण आपण तेवढा कल वजा करून वाचू शकता. बेशेवरचे मात्र वजा करू नये, कारण तेथे त्याला जे ऐकू येते ते आपल्याला अद्याप आलेले नसण्याची शक्यता आहे.

जॅझच्या समीक्षकांत असे वेगळ्या वाटेने आलेले लोक बरेच आढळतात. इतिहासकार एरिक हॉब्सबॉम यांनी सोळाव्या वर्षी, १९३३ मध्ये, लंडनला ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद ऐकला आणि ते कायमचे त्या संगीताचे झाले. पुढे ‘न्यू स्टेट्समन’मध्ये ते ‘फ्रान्सिस न्यूटन’ या नावाने लिहीत. हे नाव त्यांनी फ्रँकी न्यूटन या ट्रम्पेटवादकावरून घेतले होते. वादकांची मजुरी, क्लबांचा धंदा, ऐकायला येणारे लोक कोणत्या थरातले, याकडे त्यांची नजर जाते ती इतिहासकाराची. ‘न्यू यॉर्कर’चे व्हिटनी बॅलिएट हौशी ड्रमवादक होते. झांजेवर काठीचे टोक पडले की काठीची कड, हा फरक त्यांच्या लेखनात नेमका उतरतो, आणि मागे बसलेला वादक, ज्याच्याकडे इतरांचे लक्षही जात नाही, त्यांच्या परीक्षणात अनेकदा पुढच्या रांगेत येऊन बसतो. याउलट फ्रान्सचे आंद्रे ओदेर स्वतः संगीतकार, पॅरिसच्या संगीतविद्यालयात शिकलेले. त्यांचे लेखन रचनेचे सांधे उकलत जाते आणि नवख्या वाचकाला जड जाते. लार्किनवर रुसला असाल तर काही दिवस बॅलिएट वाचावा, असे सुचवतो.

प्रश्न : आमच्याकडे शास्त्रीय मैफल वर्षातून एखादी होते. माझे घराणे भजनी मंडळातले. वडील पखवाज वाजवीत. मला परीक्षणे लिहावीशी वाटतात, परंतु पुण्या-मुंबईच्या रसिकांसारखा कान आपल्याला नाही, या विचाराने हात मागे येतो.
— एक वाचक, हिंगोली जिल्हा

उत्तर : पुढे अमिरी बराका या नावाने प्रसिद्ध झालेले कृष्णवर्णीय अमेरिकन लेखक लरॉय जोन्स यांनी १९६३ मध्ये एका निबंधात असे दाखवून दिले की, जॅझचे बहुतेक समीक्षक गोरे आणि बहुतेक थोर वादक कृष्णवर्णीय असल्यामुळे, ज्या जगण्यातून हे संगीत आले त्याचे भान समीक्षेत कमी पडते. आपल्याकडील संगीतसमीक्षाही बऱ्याच अंशी शहरी, पांढरपेशा घरांतून आली. गाणे मात्र उस्तादांच्या, कलावंतिणींच्या आणि गुरवांच्या घरांतून आलेले होते. म्हणून पखवाजाच्या घरातला माणूस लिहितो म्हणत असेल, तर आम्हांला त्याचे अप्रूप अधिक. शंकरबापू आपेगावकरांचा पखवाज ज्या मराठवाड्याने ऐकला आणि खुलताबादच्या उरुसात ज्याने कव्वाली ऐकली, त्याने कानाच्या गरिबीची तक्रार करू नये.

फरक पडेल तो एवढाच की, आठ मात्रांच्या भजनी ठेक्यावर वाढलेल्या कानाला अतिविलंबित एकतालात (बारा मात्रांचा ताल) सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, येईपर्यंतचा काळ फार लांबलेला वाटेल. त्यासाठी आधी जयपूर घराण्याचे मध्यलयीकडे झुकणारे, तीनतालातील ख्याल ऐकावेत. मोगूबाई आणि केसरबाई केरकर यांची ध्वनिमुद्रणे आता सहज मिळतात. हातावर मात्रा धरून तेच ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकावे, मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) कोणत्या मात्रेवरून उचलला जातो ते टिपावे आणि मगच किराणा घराण्याकडे वळावे. मैफलीत पहिल्या रांगेपेक्षा तबलजीच्या बाजूची जागा धरावी, कारण आपला वारसा हाताचा आहे आणि साथीविषयी लिहिणारे आपल्याकडे कमी आहेत. पहिला लेख गायकावर न लिहिता साथीवर लिहून आमच्याकडे पाठवावा.