किट मागवण्याआधी

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. बेळगावच्या खानापूर तालुक्यातली दोन खोल्यांची मराठी शाळा, कर्नाटकातल्या ‘नलीकली’ या खेळत शिकण्याच्या पद्धतीमुळे पहिली ते तिसरी एकाच वर्गात, आणि तू विचारतेस विज्ञानाचं कुठलं किट मागवू. आत्ताच काही मागवू नकोस. किट येतं, कपाटात जातं, कपाटाला कुलूप लागतं आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात राहते. त्यापेक्षा हे बघ, आपल्याकडे शाळा उघडते आणि आठवड्याभरात मृग लागतो. एवढा चांगला मुहूर्त दुसरा नाही.

पहिल्या सरींनंतर बांधावर लाल मखमली मृगाचे किडे निघतात. एखादा पानावर अलगद घेऊन ये आणि मुलांना फक्त पाय मोजायला सांग. कुणी सहा म्हणेल, कुणी दहा. भांडू देत. तू उत्तर सांगितलंस की बघणं थांबलंच म्हणून समज. आठ पाय आहेत हे त्यांचं त्यांनाच ठरवू दे, दोन दिवस लागले तरी. मग मुंगी दाखव, मग कोळी. मुंगीचे सहा, कोळ्याचे आठ. मृगाचा किडा कुणाच्या भावकीतला, हे तिसरीतलं एखादं पोर आपसूक बोलून जाईल. शाळा सुटताना किडा आणला तिथेच सोडायचा, हेही त्यांच्याच हातून.

त्याच आठवड्यात पाऊस मोजायला सुरुवात कर. सरळ उभ्या बाजूची प्लास्टिकची बाटली घे. वरचा भाग कापून तोच उलटा बसवला की नरसाळं होतं. बाटलीचा तळ खालीवर असतो, म्हणून आधी थोडे खडे टाकून ते बुडतील इतकं पाणी भर आणि तिथे शून्याची खूण कर. तिथून वर पट्टी चिकटव. बाटली छपराच्या पागोळ्यांपासून लांब, उघड्यावर ठेव आणि रोज प्रार्थनेनंतर मोजा. ‘मिलिमीटर’ शब्दाने लहान मुलांना काही कळत नाही. व्हरांड्यात खडूने एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखून त्यात लिटरभर पाणी पसर. तो एक मिलिमीटर पाऊस. सौंदत्तीकडे कुणी ओळखीची शिक्षिका असेल तर दर शनिवारी फोनवर आकडे बदला. मलप्रभा आपल्या कणकुंबीला उगवते, तिथे पाऊस कोसळतो. तीच नदी सौंदत्तीजवळ धरणात अडते आणि तिथला पाऊस आपल्या मानाने अगदीच थोडा. जिल्हा एक, नदी एक, पण दोन तक्ते शेजारी लावले की मुलं बघत राहतील.

पावसाने उघडीप दिली की काठी रोव. माझा सगळ्यात आवडता उद्योग हा, म्हणून जरा लांबण लावतो. मीटरभर काठी अंगणात सरळ उभी कर आणि सावलीच्या टोकाला खडा ठेवायला सांग. आपल्यातले पुष्कळ शिक्षकही ठामपणे सांगतात की सावली बाराला सगळ्यात लहान असते. मोजून बघ की. देशाचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं, आपण राहतो ७४.५ अंशांच्या आसपास. आठ अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपली खरी दुपार साधारण साडेबाराला होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती सव्वाबारापर्यंत अलीकडे येते, फेब्रुवारीत पाऊणपर्यंत लांबते. म्हणून बारा ते एक, दर पाच मिनिटांनी एक खडा. जेवणाची सुटी त्यातच येते, तर मुलं आळीपाळीने ताटावरून उठतील. चालतं.

आपल्याकडे सूर्य वर्षातून दोनदा बरोब्बर डोक्यावर येतो, मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या ९-१० तारखेला. एकदा शाळेला सुटी, एकदा आभाळ! त्याला इलाज नाही. पण या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारची सावली दक्षिणेला पडते. जूनमध्ये घटकाभर ऊन पडलं तर काठी तेवढ्यापुरती बाहेर काढून ते दाखव. २२ डिसेंबरला हीच सावली उत्तरेला पडते आणि सुमारे ८१ सेंटीमीटर भरते. हा आकडा तुझ्यापुरता ठेव. मुलांचा ७९ आला तर काठी वाकडी आहे का, जमीन उतरती आहे का, ते शोधू दे. सूर्याकडे मात्र कुणी बघायचं नाही, फक्त जमिनीकडे.

प्रदर्शनाचं पत्रक येईल तेव्हा थर्माकोलचा ज्वालामुखी करू नकोस. तो पालक रात्री जागून करतात आणि पोर पाठ केलेली चार वाक्यं म्हणतं. पावसाचा तक्ता न्या. बक्षीस मिळणार नाही बहुतेक.

दिवाळीनंतर गवत वाळलं की मुलांच्या पायात जुने मोजे चढवून माळावर फिरवून आण. आघाडा, कुसळं, काय काय चिकटेल. मोजे तसेच कुंडीत पुरून पाणी घाला. काय उगवतं ते मलाही कळव. वहीत मुलं घरातलेच शब्द लिहितील, मधूनच कन्नडही येईल. तांबडं पेन लावू नकोस.

एक गोष्ट मात्र कडक पाळ. जांभ्याच्या गडग्यात, दगडांच्या फटीत कुणाचाही हात जाता कामा नये. फुरसं, तो छोटा विषारी साप, तिथेच असतो. दगड उलटायचाच तर काठीने, आणि तो तूच उलट. पायात चपला असतील त्यांनाच माळावर ने, नसतील त्यांच्यासाठी आधी काहीतरी व्यवस्था कर. पहिल्या खेपेला आठ-दहा मुलंच घे, शनिवारी सकाळी, ऊन चढायच्या आत. मुख्याध्यापकांना आदल्या दिवशी सांगून ठेव, जमलं तर त्यांनाच बरोबर ने. किल्लीचा प्रश्नही सुटेल.

तुझे,
गुरुजी