एवढं पळवतो तरी बिजली दमत नाही, काय करू?

प्रश्न: ताई नमस्कार. आमच्या घरात आजवर कुत्रं कधी पाळलेलं नव्हतं, मला लहानपणापासून हौस पण बाबा नको म्हणायचे, आता माझा पगार सुरू झाला तसं दोन महिन्यांपूर्वी गडहिंग्लजकडनं एका ओळखीच्या माणसाकडून कारवानी जातीच्या शिकारी कुत्र्याचं पिल्लू आणलं. मादी आहे, नाव बिजली, आता साडेचार महिन्यांची, लसी झाल्यात, रेबीजची पण झालीय. मी शिरोली एमआयडीसीत पहिल्या शिफ्टला असतो म्हणून पहाटे पाचला उठून ॲक्टिव्हावर बसतो आणि पट्टा हातात धरून तिला रंकाळ्याच्या कडेनं पळवतो. घरी आली की अर्धा तास पडते की परत सुरू. दिवसभर आई आणि आजी घरी असतात, आई शिवणकाम करते त्यामुळं बायकांची ये-जा असते, दुपारी गल्लीतली पोरं शाळेतून आली की तिच्याशी खेळतात, मी आलो की परत तासभर बॉल टाकतो. तरी रात्री आठच्या सुमारास अंगात आल्यासारखी घरभर पळते, सोफ्यावरनं उड्या, आजीचा पदर धरून ओढते, माझ्या हाताला दातांचे वळ उठलेत, नवी कापशी चप्पल खाल्ली. बाहेर हाक मारली तर बघत पण नाही. शेजारचे म्हणतात दोन फटके ठेवून द्या. एकानं सांगितलं घरात मुतली की नाक त्यात घासायचं, तसं दोनदा केलं, आता ती सोफ्यामागं जाऊन मुतते. आजी म्हणते परत देऊन ये. मला द्यायची नाहीये ओ. आणि मुधोळ आणि कारवानी एकच का वेगळं?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर: दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, आणि बिजली दिवसभरात किती झोपते ते मोजलं. तुम्ही लिहिलंय त्यावरनं दिवसा तिला सलग झोप मिळतच नाही, रात्रीची धरून फार तर आठ-नऊ तास होत असतील. या वयाच्या पिल्लाला चोवीस तासांत १६ ते १८ तास झोप लागते. म्हणजे बिजली दमत नाही असं जे तुम्हाला वाटतंय ते बरोबर उलटं आहे, ती दिवसभर दमलेलीच असते. ज्योतिबाच्या यात्रेतनं रात्री परत आणलेलं तीन वर्षांचं पोर आठवा, डोळे झोपेनं लाल झालेत पण झोपायचं सोडून लाथा झाडतंय, आईचे केस ओढतंय, त्याला आपण कुणी म्हणत नाही की याच्यात ताकद फार आहे, याला अजून दोन चकरा मारून आणा. रात्री आठला बिजलीचं हेच होतंय.

तेव्हा पहिलं काम, उद्यापासून ॲक्टिव्हा बंद. हे मी कळकळीनं सांगतेय. या वयात हाडांच्या टोकाला ज्या वाढीच्या मऊ पट्ट्या असतात त्या अजून भरलेल्या नसतात, त्या भरायला वर्ष-सव्वा वर्ष जातं, आणि डांबरी रस्त्यावर गाडीच्या वेगानं एकसारखं पळायचं म्हणजे थांबावंसं वाटलं तरी थांबता येत नाही, सगळा मार त्या सांध्यांवर बसतो. शिवाय पट्टा चाकात गेला तर काय होईल त्याचा विचारच नको. आणि अजून एक गोष्ट होते, रोज पळवलं की कुत्र्याचा दम वाढतो. महिन्याभरात तीच चक्कर तिला कमी पडायला लागते आणि आपण म्हणतो दमतच नाही. मोकळं पळू दे ना, कारवानी आहे ती, पळायलाच जन्मलीय, पण चारी बाजूंनी कुंपण असलेल्या जागेत, मातीवर, तिच्या मनानं, दहा-पंधरा मिनिटं, आणि ती थांबली की आपण पण थांबायचं. बाकी सकाळी पट्टा ढिला सोडून वीस-पंचवीस मिनिटं तिला नाक खाली घालून फिरू द्या, एका खांबाला पाच मिनिटं हुंगत बसली तरी ओढू नका. हुंगण्यानं पिल्लाचं डोकं दमतं, आणि डोकं दमलं की झोप चांगली लागते, हे मी घरात तीन कुत्री वाढवून बघितलंय.

आता झोपेचं. आईंच्या शिवणाच्या मशीनपासून लांब, ये-जा नाही अशा कोपऱ्यात घोंगडी टाका, समोर जुनी चादर टांगून थोडा अंधार करा. सकाळची चक्कर, मग खाणं, मग दीड-दोन तास त्या कोपऱ्यात. दुपारी परत. पोरांना स्पष्ट सांगायचं की बिजली घोंगडीवर असली की तिला हात लावायचा नाही, हाक मारायची नाही. पोरं ऐकतात, उलट त्यांना राखणदारी दिली तर तीच बाकीच्यांना गप्प करतात.

आणि घोंगडीवर शांत पडणं हे पण शिकवावं लागतं बरं का, ते आपोआप येत नाही. रोज संध्याकाळी सातला, म्हणजे दंगा सुरू व्हायच्या तासभर आधी, तुम्ही तिच्या घोंगडीशेजारी जमिनीवर बसा, खिशात उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे ठेवा, मीठ-मसाला काही नको. काही बोलू नका. ती उठेल, तुमच्या खिशाला नाक लावेल, पंजा मारेल, भुंकेल, तुम्ही भिंतीकडं बघत बसा. कधीतरी ती पाय दुमडून बसेल. एक तुकडा तिच्या पुढच्या पायांच्या मध्ये हळूच ठेवा. मग एका कुल्ल्यावर कलंडेल, दुसरा तुकडा. मग सुस्कारा टाकून हनुवटी जमिनीला टेकवेल, तेव्हा दोन तुकडे, आणि तोंडातनं 'शाब्बास' पण नाही, नाहीतर ती परत उठून उभी राहील. पहिल्या दिवशी याला वीस मिनिटं लागतील, आठवड्यानं तीन मिनिटं. माझ्या मते पिल्लाला बस, ऊठ, शेकहँड शिकवायच्या आधी हे एक शिकवलं पाहिजे, लोक शेवटी शिकवतात किंवा शिकवतच नाहीत.

चावण्याचं कारण तर तिच्या तोंडातच आहे. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात, साडेतीन-चार महिन्यांपासून ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे ४२ येतात. हिरड्या शिवशिवतात म्हणून ती दिसेल ते चावते. जुना टॉवेल ओला करून पिळायचा, गाठ मारायची आणि फ्रीजरमध्ये ठेवून तो द्यायचा, किती आराम पडतो बघा. हात चावला की ओरडू नका, झटक्यानं हात मागं घेऊ नका, कारण ही डोळ्यानं शिकार करणारी जात आहे, हललं की धरायचं हे तिच्या रक्तात आहे, हात पळाला की ती हातामागं पळणार. हात सैल सोडून स्तब्ध उभं राहायचं, टॉवेल पुढं करायचा, तरी चावलीच तर काही न बोलता अर्धा मिनिट खोलीबाहेर जायचं. घरातल्या सगळ्यांनी हेच करायचं. तुम्ही बाहेर गेलात आणि बाबांनी हसत हातानं कुस्ती खेळली तर तिला काही कळणार नाही. आजींना माझा नमस्कार सांगा आणि दोन महिने पदर कमरेला खोचून ठेवायला सांगा, हलणारा पदर म्हणजे तिच्या दृष्टीनं पळणारा ससाच. आजींच्या हातून रोज तिला चार घास मिळू देत, बसली की एक घास, एवढंच. मी खात्रीनं सांगते, देऊन ये म्हणणारी आजीच महिन्याभरात म्हणेल तिला बोलू नका. आणि दात लागून रक्त आलं किंवा नुसतं खरचटलं तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि डॉक्टरांना विचारायचं, घरचं पिल्लू आहे म्हणून अंगावर काढायचं नाही.

कापशी चप्पल गेली याचं वाईट वाटलं, पण कातड्याचा वास आणि दारात खाली ठेवलेली, बिजलीचा यात दोष नाही. सहा महिने चपला वर ठेवा. जुनी चप्पल खेळायला देऊ नका, जुनी कुठली नवी कुठली हे तिला कळत नाही.

नाक घासायचं आणि फटक्यांचं. तुम्हीच लिहिलंय की आता ती सोफ्यामागं जाते. त्यातनं तिला काय कळलं, तर मुतायचं असेल तर या माणसाच्या समोर मुतू नये. आता बाहेर नेल्यावर पण ती तुमच्यासमोर करायला घाबरेल. कारवानी कातडीनं पातळ आणि मनानं त्याहून पातळ असते, मार खाल्लेली कारवानी जवळ यायचीच बंद होते. हे अजून सुधारतं, दोनदाच झालंय. झोपेतनं उठली की, खाल्लं की, खेळून झालं की लगेच बाहेर, दरवेळी त्याच जागी, झालं की तिथंच उभं राहून तुकडा द्यायचा, घरात येऊन नाही. दिवसा तीन-साडेतीन तासांच्या वर या वयात धरवत नाही, तेव्हा तुम्ही शिफ्टला असताना हे आईंनाच करावं लागेल, त्यांच्याशी आधी बोला. सोफ्यामागची जागा फिनाईलनं पुसू नका, ते कुत्र्याला विषारी आहे, पांढरं व्हिनेगर पाण्यात घालून पुसा.

हाक मारल्यावर न येण्याबद्दल माझी स्वतःची गोष्ट सांगते. माझी पहिली कुत्री कारवानीच होती. रंकाळ्याच्या पदपथावर एकदा मांजर आडवं गेलं, ती दोन पावलं मागं सरकली, मान खाली घातली आणि पट्टा कानांवरनं अलगद निसटून माझ्या हातात राहिला. या जातीचं डोकं मानेपेक्षा फारसं रुंद नसतं, साधा पट्टा निघतोच, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. समोर रस्ता, गाड्या चाललेल्या. मी ओरडत मागं पळाले तशी ती अजून पळाली. मग पाय लटपटले आणि मी तिथंच खाली बसले, हात जमिनीला टेकले. ती वीस पावलांवर थांबली, वळून बघितलं, आणि काय झालं हिला म्हणून हुंगत हुंगत परत आली. त्या दिवसानंतर मी मार्टिंगेल पट्टा घेतला, जो ओढल्यावर थोडाच आवळतो पण निसटत नाही, तुम्ही तो किंवा अंगाला नीट बसणारा हार्नेस घ्या. आणि सुटली तर मागं पळू नका, खाली बसा नाहीतर उलट दिशेला पळा.

हाक घरातनं शिकवायला घ्या, एका खोलीतनं दुसऱ्या खोलीत, आली की भारी खाऊ, दिवसात दहा वेळा. मग गच्चीवर, मग दहा मीटर दोरी बांधून मैदानात. रागवायला किंवा आंघोळीला कधीच त्या हाकेनं बोलवू नका. आणि एक खरं सांगून ठेवते, या जातीची नजर एकदा पळत्या जनावरावर लागली की कान बंद होतात, कितीही शिकवलं तरी. त्यामुळं रस्त्याच्या कडेला बिजलीचा पट्टा कधीच सोडायचा नाही, अगदी आठ वर्षांची झाली तरी.

खाण्याचं थोडक्यात. रोजच्या खाण्यातला अर्धा भाग ताटलीत न देता गोणपाटाच्या घड्यांत टाकून शोधायला लावा. पांढरा रस्सा, तांबडा रस्सा एक चमचा पण नाही, कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतो. शिजवलेली हाडं नाहीत, ती टोकदार फुटतात. चॉकलेट नाही, द्राक्षं आणि बेदाणे नाहीत, आपल्याकडं सांगलीचा बेदाणा घरोघरी डब्यात असतो म्हणून मुद्दाम लिहिलं, त्यानं किडनी जाते.

एक राहिलं, गणपती. विसर्जन मिरवणुकीच्या डॉल्बीनं जुनी कुत्री पण हादरतात. आतापासनं मोबाईलवर ढोल-ताशा, फटाके अगदी बारीक आवाजात लावून तिला जेवायला घाला, आठवड्या-आठवड्यानं किंचित वाढवा, कान मागं गेले की लगेच कमी. मिरवणुकीच्या दिवशी मात्र आतल्या खोलीत ठेवा आणि कुणीतरी जवळ बसा.

मुधोळ आणि कारवानी, मूळ कुत्रं एकच. आपल्याकडं कारवानी म्हणतात, कर्नाटकात मुधोळच्या घोरपडे संस्थानानं ही जात जोपासली म्हणून मुधोळ हाउंड. भारतीय टपाल खात्यानं २००५ साली देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली त्यात मुधोळ आहे, मिळालं तर बाबांना दाखवा.

प्रश्न: आठ आठवड्यांचं लॅब्रॅडॉर आणलंय, रात्रभर रडतं. बिल्डिंगमधले म्हणतात रडू दे, सवय लागेल. दूध दिलं तरी गप्प होत नाही.
— राजारामपुरी

उत्तर: रडू देऊ नका हो. आई आणि भावंडांच्या अंगावर अंग टाकून झोपणारं बाळ आहे ते, आयुष्यात पहिल्यांदा एकटं पडलंय. खोका तुमच्या अंथरुणाला लागून ठेवा, रात्री हात खाली सोडला तर त्याला लागेल इतका जवळ. एकदा मध्यरात्री आणि एकदा पहाटे शी-शूला न्या, दिवे न लावता, न बोलता, खेळ नाही. पंधरा दिवसांनी खोका रोज एक फरशी लांब सरकवा. गाईचं दूध बंद करा, बऱ्याच पिल्लांना त्यानं पोट सुटतं, आणि पोट बिघडलं की परत रडणं आलंच.

प्रश्न: पावसाळ्यात पाच महिन्यांच्या पिल्लाला बाहेर न्यावं की नको? घरात सगळं फाडतं.
— शुक्रवार पेठ

उत्तर: न्या, पण पावसाची उघडीप बघून दहा-दहा मिनिटं, आणि आल्यावर पायाच्या बोटांच्या बेचक्या कोरड्या फडक्यानं पुसायच्या, तिथंच बुरशी येते. घरात असेल तेव्हा वर सांगितलेला गोणपाटाचा खेळ आणि घोंगडीचा सराव दिवसात तीनदा करा. साचलेलं पाणी पिऊ देऊ नका, उंदरांच्या लघवीतनं लेप्टोस्पायरोसिस होतो आणि तो माणसालाही होतो, पिल्लाच्या एकत्रित लसीत लेप्टोची लस आहे का हे डॉक्टरांना कार्ड दाखवून विचारून घ्या. तुम्ही शुक्रवार पेठेत म्हणजे पंचगंगेच्या जवळच, पुराचं पाणी ओसरल्यावर घाटाकडच्या चिखलात त्याला नेऊ नका, ऊन पडून रस्ते नीट वाळेपर्यंत गच्चीवरच फिरवा.