लोगो झाला, पण ओरिजिनल फाइल कुठंय?

प्रश्न : नमस्कार ताई, मी सांगलीत घरगुती कांदा-लसूण मसाला आणि सुक्या खोबऱ्याची चटणी करून विकते, दोन वर्षं झाली. सुरुवातीला ओळखीतल्या एका मुलाकडून तीन हजारात लोगो करून घेतला, तो त्याने व्हॉट्सॲपवर पाठवला. आता बोर्डासाठी फ्लेक्सवाल्याकडे गेले तर तो म्हणतो, हा मोठा केला की फाटतोय, म्हणजे धूसर दिसतोय, ओरिजिनल फाइल आणा. त्या मुलाकडे मागितली तर अजून पाच हजार सांगतोय. मी पैसे दिलेत, मग फाइल माझी नाही का? आणि आता पाऊचचं नवीन पॅकिंग करायचंय, त्याला डिझायनर कसा बघू?

उत्तर : ताई, तुमचा राग मला समजतो, पण या बाबतीत कायदा बऱ्यापैकी त्या मुलाच्या बाजूने आहे. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, नोकरीवरच्या माणसाने कामाचा भाग म्हणून केलेलं डिझाइन मालकाचं, पण बाहेरच्या फ्रीलान्सरने केलेल्या लोगोचा हक्क साधारणपणे त्याचाच राहतो, जोपर्यंत तो सही करून तुमच्या नावावर देत नाही. तोंडी बोलणं किंवा पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट त्याला पुरत नाही.

मी तुमच्या जागी असते तर थोडी घासाघीस करून पैसे दिले असते, कारण दोन वर्षांत गिऱ्हाईक ते चिन्ह ओळखायला लागलंय आणि ते बदलणं जास्त महागात पडेल. पण देताना त्याच व्यवहारात दोन गोष्टी घ्या. एक, कोरलड्रॉ किंवा इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली, उघडून बदल करता येणारी फाइल, म्हणजे सीडीआर किंवा एआय, आणि सोबत पीडीएफ. ती मेलवर मागवा नाहीतर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून, फोटो म्हणून पाठवलं की ते दाबलं जातं. दुसरं, हक्क तुमच्याकडे दिल्याचं सहीचं पत्र, आणि त्यात मुदत आणि प्रदेश लिहायलाच लावा, कारण मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाचच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. उद्या तुमचा मसाला दुबईला गेला तर? चित्र त्याने स्वतः काढलंय की कुठल्या तयार टेम्प्लेटवरून उचललंय हेही विचारून त्याच पत्रात लिहून घ्या, कारण उचललेलं असेल तर पुढे ट्रेडमार्क, म्हणजे नाव-चिन्हाची सरकारी नोंदणी, करताना अडचण येते. ट्रेडमार्क एकदा मिळाला की दहा वर्षं चालतो, मग रिन्यू करायचा. नोंदणीत मालाप्रमाणे वर्ग असतात, मसाल्यासाठी क्लास ३० लागतो, आणि आपल्यासारखं नाव आधी कोणी घेतलंय का ते सरकारी साइटवर फुकट शोधता येतं, हे पॅकिंग छापायच्या आधीच बघा.

आता पाऊचचा डिझायनर. त्याचं इन्स्टाग्राम बघून ठरवू नका. त्याने केलेली दोन-तीन छापील पाकिटं हातात घेऊन बघा, मोबाइलवर सगळंच छान दिसतं. मोठ्या संख्येने छापलेल्या पाऊचला बहुतेक वेळा प्रत्येक रंगाचा छपाईचा वेगळा सिलिंडर (रूळ) लागतो, म्हणजे डिझाइनमध्ये रंग वाढले की खर्च वाढला, आणि कमी माल असेल तर साधं पाऊच घेऊन वर स्टिकर लावणं परवडतं. हे जो स्वतःहून तुम्हाला सांगतो त्याला काम द्या. आणि तो तुमच्या मसाल्याचं पाकीट उलटं करून तारीख कुठे मारायची, सील कुठपर्यंत येणार असं विचारत असेल तर मला तरी तो माणूस पसंत आहे.

मजकूर मात्र तुम्हीच कागदावर लिहून द्या, डिझायनरवर सोडू नका. एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थ विकायच्या परवान्याचा, चौदा आकडी नंबर, शाकाहारी म्हणून हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, घटक, पोषणमूल्यांचा तक्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह एमआरपी, बॅच नंबर, पॅकिंग आणि संपायची तारीख, तुमचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन. आणि हे सगळं फक्त मराठीत छापून चालत नाही, नियमाप्रमाणे इंग्रजी किंवा हिंदी लागतंच, मराठी त्याच्या जोडीला घालायची.

शेवटी मराठी अक्षरं. तुमच्या चटणीच्या नावातच खोबऱ्याची असा शब्द आहे, तो फाँट किंवा टायपिंग चुकलं की खोबर्याची होतो. माझ्याच एका कामात हे झालं होतं, दोन हजार लेबलं रद्दीत गेली आणि ते पैसे मी भरले, तेव्हापासून मराठी मजकुराचा प्रूफ, म्हणजे छापण्याआधीचा नमुना, मी मोठ्याने वाचून घेते. ल आणि श मराठी वळणाचे आहेत का तेही बघा, बरेच फाँट हिंदी वळणाचे असतात. फाँट व्यवसायासाठी वापरायला मोकळा आहे का हेही विचारा. मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' हे फाँट फुकट आहेत आणि धंद्यात वापरता येतात. प्रूफ मोबाइलवर बघून ओके करू नका. खऱ्या मापाची प्रिंट काढा, रिकाम्या पाऊचला चिकटवा आणि ओळखीच्या दुकानात बाकीच्या पाकिटांत ठेवून दोन पावलं मागे जाऊन बघा, नाव वाचता येतंय का.

प्रश्न : आमचं पुण्यात बेकरीचं छोटं दुकान आहे. डिझायनर म्हणतो तीनच करेक्शन देईन, पुढच्या प्रत्येकाचे वेगळे पैसे. हे बरोबर आहे का?

उत्तर : बरोबर आहे, आणि ते आधी सांगितलंय म्हणजे माणूस सरळ आहे. अडचण बहुतेक आपल्याच बाजूने होते, डिझाइन घरच्या ग्रुपवर टाकलं की मामा लाल म्हणतात, भाऊ निळं म्हणतो आणि डिझायनरला सगळेच मेसेज जातात. घरात एकच जण ठरवा जो शेवटचं बोलेल, सगळ्यांची मतं दोन दिवसांत गोळा करा आणि एकाच मेसेजमध्ये पाठवा. आणि "जरा भारी करा" असं लिहू नका, त्याला त्यातून काही कळत नाही. "नाव रस्त्याच्या पलीकडून दिसत नाही" असं लिहा, मग तो नेमकं तेवढंच दुरुस्त करेल.

प्रश्न : काम सुरू व्हायच्या आधीच अर्धे पैसे मागतात. द्यावेत का?

उत्तर : द्या, ही पद्धतच आहे. फक्त कोटेशनवर काय-काय मिळणार, किती दिवसांत आणि ओरिजिनल फाइल त्यात धरली आहे का हे लिहून घ्या, आणि उरलेले पैसे ती फाइल प्रेसमध्ये उघडून बघितल्यावरच द्या.